तू केलेलं काम कागदावर येऊ दे

अगं, "ताई, माझ्याकडे रेझ्युमेत लिहिण्यासारखं आहेच काय?" असं तू म्हणालीस आणि मला राहवलं नाही. हे फोनवर उरकण्यासारखं नाही, म्हणून सविस्तर लिहितेय. तुझं टीवाय बीकॉमचं वर्ष, कॅम्पसला कंपन्या यायच्या आहेत, टीपीओ सरांनी रेझ्युमे मागितलाय आणि वर्गात सगळ्यांच्या मोबाइलवर एकच फॉरमॅट फिरतोय. नाव बदलायचं, टक्के बदलायचे, की झालं. तो फॉरमॅट तू बाजूला ठेव आणि थोडा वेळ काढून हे नीट वाच.

मी अकाउंट्समध्ये आहे आणि आमच्याकडे नवी मुलं घ्यायची असली की आलेले अर्ज चाळायला माझ्याकडेही येतात. त्यामुळे टेबलाच्या या बाजूने काय दिसतं ते मला माहीत आहे. जागा एक-दोन आणि अर्ज गठ्ठाभर. पहिली नजर फिरते ती भराभर. त्या नजरेला "मेहनती, प्रामाणिक, टीममध्ये काम करायची आवड" हे शब्द दिसतच नाहीत, कारण ते सगळ्यांनीच लिहिलेले असतात. नजर थांबते ती एखाद्या नेमक्या कामावर. या मुलीने काय केलं, कशाच्या मदतीने केलं, किती केलं, हे जिथे सापडतं तो कागद वेगळा काढून ठेवला जातो. मला तुला मुख्य सांगायचंय ते हेच. तू जे केलंस ते नेमकं लिही. बाकीचं सगळं त्याच्या मागून येतं.

म्हणून सुरुवात कॉम्प्युटरवर करू नकोस. एक वही घे आणि अकरावीपासून आजपर्यंत तू काय काय केलंस ते मराठीतच लिहून काढ. इंग्रजीची काळजी आत्ता नको. इंग्रजीत लिहायला बसलीस की ती चार ठरलेली वाक्यंच हाताशी येतील. मराठीत लिहिलंस की खरी कामं आठवतील. एनएसएसचा कॅम्प. गॅदरिंगच्या वेळी सांभाळलेले पैसे. शेजारच्या सातवीतल्या मुलांची घेतलेली शिकवणी. आईच्या बचत गटाची वही. कॉलेजच्या लायब्ररीत केलेलं 'कमवा आणि शिका'चं काम. गणपतीत मंडळाच्या पावत्यांचा लावलेला मेळ. कोणतं मोठं, कोणतं छोटं हे ठरवू नकोस, नुसतं लिहीत जा. दोन पानं भरली तरी भरू देत. छाटायचं काम नंतरचं.

आता मला सांग, या यादीत तू काकांच्या दूध संकलन केंद्राचं काम लिहिलंस का? नसणारच. आपल्याकडच्या मुली घरचं काम कामात धरतच नाहीत. अगं, दोन वर्षं तू सकाळ-संध्याकाळ तिथे बसतेस. शेतकरी कॅन घेऊन येतो, तू त्याचा कोड टाकतेस, लिटर मोजतेस, फॅट आणि एसएनएफ बघतेस, दरपत्रकावरून दर लावतेस, पावती देतेस. दर दहा दिवसांनी प्रत्येकाचं बिल काढतेस. त्यातून पशुखाद्याची उधारी वजा करतेस, अ‍ॅडव्हान्स वजा करतेस आणि उरलेली रक्कम लिहितेस. एखाद्या आजोबांना वाटलं की आपला फॅट कमी लागलाय, तर त्यांना आधीच्या नोंदी दाखवून शांतपणे समजावतेस. यात डेटा एंट्री आहे, हिशोब आहे, वजावट आहे, मेळ आहे आणि नाराज ग्राहकाशी बोलणंही आहे. कॉमर्सच्या मुलीकडून पहिल्या नोकरीत जे मागतात ते बहुतेक सगळं तू रोज करतेस.

मग ते लिहायचं कसं? तू लिहिलंस तर असं लिहिशील: "काकांना दूध डेअरीत मदत करते." हे वाचून कुणालाच काही कळणार नाही. त्याऐवजी वहीत आधी चार प्रश्नांची उत्तरं लिही. काम काय? किती लोकांचं? कशावर? आणि त्यातून काय झालं? उत्तरं आली की वाक्य आपोआप तयार होतं. म्हणजे बघ: "गावातील दूध संकलन केंद्र, हिशोब सहायक. 60 दूध उत्पादकांच्या रोजच्या दोन वेळच्या नोंदी, लिटर, फॅट आणि एसएनएफनुसार. दर दहा दिवसांची बिले, उधारी व अ‍ॅडव्हान्सच्या वजावटीसह. हाताने लिहिलेली वही एक्सेलमध्ये आणली, त्यामुळे बिले त्याच दिवशी तयार होतात." काकांकडे किती उत्पादक आहेत तो खरा आकडा तू मोजून घाल. मी साठ धरलेत ते तुला नमुना दिसावा म्हणून. आणि बिलं खरोखरच लवकर होत असतील तरच ते शेवटचं वाक्य ठेव. पण बघ, काम तेच, आणि आता ते वाचणाऱ्याला दिसतंय.

या नमुन्यात एकही विशेषण नाही हे लक्षात आलं का? "उत्कृष्ट" नाही, "अत्यंत जबाबदारीने" नाही. नोंदी रोज दोन वेळा होतात म्हटल्यावर जबाबदारी आलीच. वाक्याची सुरुवात कामाने कर. इंग्रजीत करशील तेव्हाही प्रत्येक ओळ क्रियापदाने सुरू कर. नोंद ठेवली, तपासलं, जुळवलं, शिकवलं, गोळा केलं, आखलं. "माझ्यावर अमुक जबाबदारी होती" असं लिहिलंस तर ती पार पडली का, हे कळत नाही. "केलं" म्हटलं की विषय संपला.

आकडे मात्र जपून घाल. आकडा वाक्याला वजन देतो, पण तो मोजलेला हवा. गॅदरिंगच्या जमाखर्चाची रक्कम, शिकवणीतल्या मुलांची संख्या, सर्वेक्षणात भरून घेतलेले फॉर्म, हे तुला कुठे तरी लिहिलेलं सापडेल. ते शोध. "वीस टक्क्यांनी वाढ केली" असलं हवेतलं काही घालू नकोस. समोरचा विचारेल, कशावरून? आणि तिथे तुझं बाकीचं खरंही डगमगायला लागेल.

एनएसएसचं बघ. नुसतं "एनएसएस स्वयंसेविका" लिहून सोडू नकोस. दोन वर्षांत 240 तासांचं काम आणि सात दिवसांचं विशेष शिबिर पूर्ण केलं की प्रमाणपत्र मिळतं, आणि ते तू मिळवलंयस. शिबिर कोणत्या गावात होतं, तिथे तुझ्या गटाने काय केलं, तुझ्याकडे काय होतं, हे एका ओळीत येऊ दे. सकाळच्या श्रमदानाची हजेरी आणि शंभर माणसांच्या शिध्याचा हिशोब तुझ्याकडे होता असं तूच मला सांगितलं होतंस. तेच लिही. एनसीसीच्या मुली 'बी' किंवा 'सी' प्रमाणपत्र कोणतं, ते लिहितात. तसंच नेमकं.

'कमवा आणि शिका'चा उल्लेख करायला तुझी मैत्रीण लाजते असं तू म्हणालीस. तिला माझ्याकडून सांग, तो रेझ्युमेतला सगळ्यात भक्कम भाग आहे. ज्या कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1919 साली कऱ्हाडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था सुरू केली, त्यांनी श्रम करून शिकण्याला मान मिळवून दिला. सातारा जिल्ह्यातल्या मुलींनी त्याची लाज कसली बाळगायची? लायब्ररीत पुस्तकांच्या नोंदी केल्या, ऑफिसात फायली लावल्या, परीक्षा विभागात मदत केली, जे केलं असेल ते कामाच्या अनुभवात घालायचं. शिक्षण चालू असताना वेळ सांभाळून काम केलेली मुलगी आमच्यासारख्यांना हवीच असते.

आता प्रोजेक्ट. तुमच्या वर्गातले निम्मे प्रोजेक्ट झेरॉक्सच्या दुकानातून येतात हे कुणापासून लपलेलं नाही. तुझा तसा नाही, तू स्वतः बाजारपेठेत फिरून दुकानदारांशी बोललीस. मग विषयाचं लांबलचक नाव लिहून थांबू नकोस. 1 जुलै 2017 पासून जीएसटी आला, तेव्हापासून छोट्या दुकानदारांचं बिलिंग आणि विवरणपत्रं कशी बदलली, हे तू विचारलंस. किती दुकानं, कोणत्या प्रकारची, प्रश्नावली कुणी तयार केली, उत्तरं एक्सेलमध्ये कशी मांडलीस आणि शेवटी काय आढळलं. दोन ओळींत एवढं आलं की मुलाखत घेणारा स्वतःहून त्याच विषयावर येतो आणि तुझ्या हातात बोलण्यासारखं काही तरी असतं. नव्या शैक्षणिक धोरणानुसार तुझ्या मागच्या वर्गांना फील्ड प्रोजेक्ट आणि ऑन जॉब ट्रेनिंग आहे. त्या मुलींना आत्तापासूनच सांग, रोज काय केलं ते त्या त्या दिवशी डायरीत लिहून ठेवा. पुढे हीच डायरी रेझ्युमेसाठी उपयोगी पडते.

कौशल्यांच्या रकान्यात सगळ्यात जास्त फेकाफेक चालते. "एमएस ऑफिस" असं लिहिलं की झालं, असं वाटतं मुलांना. तसं नको. एक्सेल येतं म्हणजे काय येतं? व्हीलुकअप येतो का, पिव्होट टेबल लावता येतं का, इफचं सूत्र लिहिता येतं का? जे येतं त्याचं नाव घाल. टॅली येतं म्हणजे व्हाउचर एंट्री, बँक रिकन्सिलिएशन, जीएसटीसह बिलं, यातलं काय केलंस? जीएसटीआर-1 आणि जीएसटीआर-3बी कशासाठी असतात ते माहीत असेल तर लिही, नसेल तर आठवड्याभरात शीक आणि मग लिही. एमएस-सीआयटी झालंय, ते असू दे. टायपिंगच्या परीक्षा दिल्यास तर मराठी 30, इंग्रजी 40 असा वेग शब्दांसकट लिही. पुढे लिपिक-टंकलेखकाच्या सरकारी परीक्षांनाही ते प्रमाणपत्र लागतं. ते पाच ताऱ्यांपैकी चार तारे किंवा रंगीत पट्ट्या दाखवून कौशल्य मोजायचं फॅड मात्र नको. मराठीत पाच तारे आणि इंग्रजीत साडेतीन, यातून वाचणाऱ्याला काहीही कळत नाही. इंग्रजी वाचता-लिहिता येतं, बोलण्याचा सराव चालू आहे, असं सरळ सांगितलेलं कितीतरी चांगलं.

ऑनलाइन कोर्सची प्रमाणपत्रं ढीगभर लावायची नाहीत. नुसते व्हिडिओ बघून मिळालेलं प्रमाणपत्र आणि स्वयम्-एनपीटीईएलसारख्या ठिकाणी केंद्रावर जाऊन परीक्षा देऊन मिळवलेलं, यात फरक असतो आणि तो आम्हाला कळतो. ज्या नोकरीला अर्ज करतेस तिच्याशी संबंध असलेली दोन-तीन ठेव.

शिक्षण लिहिताना शेवटचं आधी. बीकॉम, मग बारावी, मग दहावी. कॉलेज, विद्यापीठ किंवा बोर्ड, वर्ष, गुण. तुझ्या गुणपत्रिकेवर सीजीपीए असेल तर सीजीपीएच लिही आणि "10 पैकी" हे सोबत दे. त्याचे टक्के मनाने काढू नकोस. प्रत्येक विद्यापीठाचं सूत्र वेगळं असतं आणि पडताळणीत आकडा जुळला नाही तर खुलासे करत बसावं लागतं. सीजीपीए मनासारखा नसेल तर तो कागदाच्या मधोमध ठळक करायचं कारण नाही. तुझी कामं आधी येऊ देत, शिक्षण नंतर येऊ दे. तेवढं स्वातंत्र्य तुला आहे.

आणि एटीकेटीबद्दल तू जे घाबरत विचारलंस, त्याचं उत्तर ऐक. दुसऱ्या वर्षी एक विषय राहिला होता आणि तो तू काढलास. तो रेझ्युमेवर लिहायची गरज नाही. पण कंपनीच्या फॉर्ममध्ये विचारलं, तर जे आहे तेच सांगायचं. अनेक कंपन्या "सध्या कोणताही विषय राहिलेला नसावा" अशी अट घालतात, आणि तुझा सुटलाय म्हणजे तू त्या अटीत बसतेस. मुलाखतीत विचारलंच तर एका वाक्यात कारण आणि दुसऱ्या वाक्यात पुढच्या प्रयत्नात मिळालेले गुण. मान खाली घालायची नाही. वर्ष वाया गेलेल्या मुलामुलींनाही मी हेच सांगते. त्या वर्षात काय केलंत ते खरं सांगा. आजीचं आजारपण काढलं असेल, शेती पाहिली असेल, तर त्यात लपवण्यासारखं काहीही नाही.

आता कागदाचा वरचा भाग. नाव दहावीच्या प्रमाणपत्रावर जसं आहे तसंच, त्याच स्पेलिंगने. आधारवर एक, गुणपत्रिकेवर दुसरं असेल तर आत्ताच दुरुस्तीला लाग. नोकरीवर रुजू होताना कागदपत्रं तपासतात तेव्हा या एका अक्षराने फार त्रास होतो. फोन तुझा स्वतःचा दे, बाबांचा नको. आणि अनोळखी नंबर आला तरी दिवसा उचल, "नमस्कार" म्हणून नाव सांग. ईमेल आयडी आतेभावाने दहावीत उघडून दिलेला "एंजल" आणि "क्वीन"वाला नको. नाव आणि आडनाव असलेला साधा आयडी काढ आणि तो रोज बघ. पत्त्यात गाव आणि जिल्हा एवढं पुरे. पुण्याच्या नोकरीला अर्ज करत असशील तर "पुण्यात राहण्यास तयार" हे लिही, कारण गाव वाचून समोरच्याच्या मनात पहिला प्रश्न तोच येतो.

काय काढून टाकायचं तेही सांगते, कारण तुमचा तो फिरणारा फॉरमॅट याने भरलेला आहे. वडिलांचं नाव आणि व्यवसाय, जन्मतारीख, धर्म, जात, वैवाहिक स्थिती, उंची, हे स्थळाच्या बायोडाट्यात असतं, खासगी नोकरीच्या अर्जात त्याचं काही काम नाही. सरकारी भरतीत जे लागतं ते त्यांच्या फॉर्ममध्ये विचारलेलं असतं, तिथे भर. आधार आणि पॅनचा नंबर रेझ्युमेवर कधीही टाकू नकोस. हा कागद कुठे कुठे फिरेल ते आपल्या हातात नसतं. फोटो मागितला तरच. "आव्हानात्मक वातावरणात काम करून संस्थेच्या प्रगतीस हातभार लावणे" हे उद्दिष्ट काढ. खाली ते "वरील माहिती माझ्या माहितीप्रमाणे खरी आहे" हे प्रतिज्ञापत्र, स्थळ आणि तारीख, तेही काढ. कॉलेजने सक्तीच केली असेल तर त्यांच्या प्रतीत असू दे, तू स्वतः पाठवशील त्यात नको. छंदात "वाचन, संगीत ऐकणे" लिहायचं असेल तर सोडूनच दे. तू भजनी मंडळात पेटी वाजवतेस, किल्ल्यांवर जातेस, तालुक्याला कबड्डी खेळलीस, यातलं जे मनापासून करतेस ते एका ओळीत लिही.

उद्दिष्टाच्या जागी दोन ओळी हव्यातच असतील तर अशा: "बीकॉम अंतिम वर्ष. दूध संकलन केंद्राचे दोन वर्षे हिशोब, एक्सेल आणि टॅलीचा सराव. अकाउंट्स विभागात सुरुवात करण्याची इच्छा." कोण, काय येतं, काय हवंय. बस.

हे सगळं एका पानात बसलं पाहिजे. शिकत असलेल्या मुलीला दुसऱ्या पानाची गरज नसते. बसत नसेल तर अक्षर बारीक करू नकोस, कमी महत्त्वाच्या ओळी काढ. आकाराने अकरा-बाराचा साधा फॉन्ट, एका रंगात, एकाच रकान्यात. त्या दोन रकान्यांच्या, डावीकडे निळी पट्टी असलेल्या छान-छान टेम्प्लेटच्या मोहात पडू नकोस. मोठ्या कंपन्यांमध्ये आणि नोकरीच्या पोर्टलवर अर्ज आधी सॉफ्टवेअर वाचतं. चौकटी, टेबलं, फोनची चित्रं, यात घातलेला मजकूर त्याला बरेचदा नीट लागत नाही आणि तुझं टॅली त्याला दिसतच नाही. तपासायचा एक सोपा उपाय सांगते. पीडीएफ उघड, सगळा मजकूर सिलेक्ट कर आणि नोटपॅडमध्ये पेस्ट कर. तिथे तो ओळीने, क्रमाने आला तर ठीक. उलटसुलट झाला तर मांडणी बदल. मराठी शाळेत, पतसंस्थेत किंवा वर्तमानपत्रात अर्ज मराठीतून करायचा असेल तर तो युनिकोडमध्ये टाइप कर. जुन्या फॉन्टमध्ये केलास तर समोरच्याच्या कॉम्प्युटरवर नुसती चिन्हं दिसतात. फाइलला नाव दे ते तुझं नाव आणि पद. "रेझ्युमे फायनल न्यू 2" या नावाच्या फायली आमच्याकडे इतक्या येतात की कुणाची कोणती ते कळत नाही.

एकच रेझ्युमे सगळीकडे पाठवायचा नाही. एक मोठी प्रत स्वतःजवळ ठेव, ज्यात सगळं आहे. प्रत्येक जाहिरात आली की ती दोनदा वाच आणि त्यांना काय हवंय त्याखाली रेघ मार. अकाउंट्स असिस्टंटच्या जाहिरातीत "बँक रिकन्सिलिएशन" म्हटलंय आणि तू ते केलंयस, तर तोच शब्द तुझ्या कागदावर असू दे. बँकेच्या किंवा पतसंस्थेच्या कामाला दूध केंद्रावरचं लोकांशी वागणं वर आण. शिकवणीच्या क्लासला अर्ज असेल तर सातवीची मुलं वर येतील. माहिती तीच, क्रम वेगळा. जे केलं नाही ते मात्र जाहिरातीत आहे म्हणून घालायचं नाही.

एआयकडून लिहून घेऊ का, असं विचारलंस. व्याकरण तपासायला, इंग्रजी वाक्य सरळ करायला जरूर वापर. पण आधी वहीत मराठीत लिहिलेलं त्याला दे, कोऱ्या हाताने जाऊ नकोस. कोऱ्या हाताने मागितलंस तर ते तुला "परिणामाभिमुख, गतिमान व्यावसायिक" बनवून देईल, आणि तसेच शब्द त्या दिवशी आलेल्या अर्ध्या अर्जांत असतील. शिवाय मुलाखतीत तो शब्द उच्चारताना तू अडखळलीस तर त्यांना लगेच कळेल. माझा नियम सोपा आहे. रेझ्युमेतल्या प्रत्येक ओळीवर बोट ठेवून स्वतःशी दोन मिनिटं बोलून बघ. बोलता आलं नाही तर ती ओळ खोड.

पाठवताना मेल कोरा पाठवू नकोस. विषयात पदाचं नाव आणि तुझं नाव. आत चार वाक्यं: जाहिरात कुठे पाहिली, तू कोण, तुझं कोणतं काम या पदाला उपयोगी आहे, आणि कधी बोलू शकतेस. संदर्भासाठी सरांचं नाव देणार असशील तर आधी त्यांना विचार, त्यांना तुझा रेझ्युमे दाखव, म्हणजे फोन आला तर त्यांनाही तुझ्याबद्दल नेमकं सांगता येईल. कॅम्पसवरच अवलंबूनही राहू नकोस. तालुक्यातल्या कर सल्लागाराच्या ऑफिसात, एमआयडीसीतल्या छोट्या कारखान्यात, पतसंस्थेत स्वतः जाऊन प्रत दे. राष्ट्रीय शिक्षुता प्रशिक्षण योजनेतून बीकॉमवाल्यांनाही अप्रेंटिस होता येतं, त्याच्या पोर्टलवर नाव नोंदव. स्टायपेंड मिळतो आणि रेझ्युमेत खऱ्या ऑफिसचा अनुभव येतो.

एक गोष्ट फार काळजीने सांगते. रेझ्युमे पोर्टलवर टाकलास की फोन यायला लागतील. त्यातले काही फसवे असतील. "तुमची निवड झालीय, फक्त रजिस्ट्रेशनचे पैसे भरा, लॅपटॉपचं डिपॉझिट भरा" असं कुणी म्हटलं तर फोन ठेव. चांगली कंपनी नोकरी द्यायला पैसे मागत नाही. ओटीपी कुणालाही द्यायचा नाही. मुलाखतीला बोलावलं तर कंपनीचा पत्ता आधी नीट बघ, घरी सांगून जा, आणि पहिल्यांदा जाताना मैत्रिणीला सोबत घे.

पाठवण्याआधी कागद दोघांना वाचायला दे. एक, इंग्रजी पक्कं असलेल्या तुझ्या मॅडम, स्पेलिंगसाठी. दुसरा असा कुणीतरी, ज्याला तू काय करतेस ते माहीतच नाही. त्याला विचार, "हे वाचून मला काय येतं असं वाटतं?" त्याने जे सांगितलं ते तुला हवं होतं तेच असेल तर कागद तयार आहे.

पहिल्याच अर्जाला बोलावणं येईल असं नाही. उत्तर न येणं हे नेहमीचंच आहे, त्याने तुझी किंमत ठरत नाही. कुठे, कधी, कोणती प्रत पाठवली त्याची यादी ठेव आणि पुढचा अर्ज कर. तुझ्या हातात काम आहे, डोक्यात हिशोब आहे, आणि खेड्यातून आलेय म्हणून कुठेही कमी पडायचं कारण नाही. कागदावर तू स्वतःला कमी लेखलं नाहीस की समोरचाही लेखत नाही. आज रात्रीच वही घेऊन बस, आणि रविवारपर्यंत ती दोन पानं फोटो काढून मला पाठव. मी लाल पेन घेऊन तयार आहे.